चांगुणाच्या अझेलियाची व्यवस्था

मी, गहिनीनाथ सहादेव वाघस्कर, वय ७२, निवृत्त स्टोअरकीपर, राहणार भिंगार, पूर्ण शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. आई गेल्यापासून बाबांचं डोकं ठिकाणावर नाही, असं माझा मुलगा ज्ञानेश्वर चारचौघांत सांगतो, म्हणून दाखला.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक ज्ञानेश्वरची. सुप्याच्या कारखान्यातून दमून आला तरी त्याने माझं सगळं केलं, हे कबूल.

२. माझी पत्नी कै. चांगुणा हिने नऊ वर्षं वाढवलेलं अझेलियाचं बोन्साय तिचे धाकटे भाऊ, श्रीगोंद्याचे द्राक्ष बागायतदार अंगद ठोंबरे यांना द्यावं. त्याला बोअरचं पाणी चालत नाही, पानं पिवळी पडतात. गच्चीवरच्या पिंपातलं पावसाचं पाणीच घालावं. दुपारचं ऊन लागू देऊ नये. सुकलेलं फूल खालच्या बोंडासकट खुडावं, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते. छाटणी फुलं सरल्या सरल्या करावी. दिवाळीच्या सुमारास कात्री अजिबात लावू नये, तेव्हा पुढच्या कळ्या धरलेल्या असतात.

३. हे मला ठाऊक नव्हतं. २०१९ साली चांगुणाच्या दुखण्यापुढे डॉक्टरांनी हात टेकले. आणखी एकदा अझेलिया फुललेलं पाहायचं, एवढंच तिचं मागणं होतं. त्या ऑक्टोबरात मी अंगदरावांच्या बागेत द्राक्षाची छाटणी पाहिली. छाटलं की घड लागतात, तर फुलंही भरपूर येतील, असं मनाने घेतलं. अंगदराव माझ्यासोबत बहिणीला भेटायला आले, दुसऱ्या दिवशी परतले. त्याच दुपारी मी सगळे शेंडे उडवले. चांगुणाने पाहिलं तेव्हा माझी पाचावर धारण बसली. मी अंगदरावांचं नाव सांगितलं.

भाऊबीजेला ते पाटावर बसले. तिने तबक उचललं नाही. म्हणाली, "अंगद, माझ्या झाडाला हात लावायचं काय नडलं हुतं रं?"

अंगदरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

"चुकलं माझं, आक्का," ते म्हणाले. "द्राक्षावानी वाटलं मला."

ते ओवाळून न घेताच गेले. फाल्गुनात चांगुणा गेली. झाडावर एकही फूल नव्हतं. ज्ञानेश्वर मामाशी अजून बोलत नाही.

४. पुढच्या वर्षापासून झाड दर फाल्गुनात फुलतं. सुकलेली फुलं सकाळी बोंडासकट खुडलेली असतात आणि त्याच तबकात ठेवलेली असतात. तबक ट्रंकेत आहे, ट्रंकेला कुलूप आहे, किल्ली माझ्या करगोट्याला आहे. ज्ञानेश्वर म्हणतो, तुम्हीच खुडता आणि विसरता. मला भीती वाटते, फार वाटते. आज फुलांशेजारी कापसाची ताजी वळलेली वात होती. म्हणून आजच लिहायला बसलो.

५. कात्री माझ्याबरोबर सरणावर ठेवावी. तिसरं कलम ज्ञानेश्वरने मामांसमोर मोठ्याने वाचावं आणि त्यांच्या पाया पडावं. मग त्यांना पाटावर बसवून तबक पुढे ठेवावं आणि बाकी सगळ्यांनी खोलीबाहेर जावं. दिवा कोण लावणार, हे विचारू नये.

लिहून ठेवणार : गहिनीनाथ सहादेव वाघस्कर (सही)

आमच्यासमोर सही केली :
१. नूरमहंमद शेख, शेजारी (सही)
२. सविता गोरक्षनाथ काळे, परिचारिका (सही)

भिंगार, जि. अहिल्यानगर
८ मार्च २०२५