एप्रिलचा अटेम्प्ट

सावेडी, नगर
१६ नोव्हेंबर २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे ठीक आहेत. घरात बारावी आहे म्हणून माझा फोन आईच्या कपाटात गेलाय. आईच्या फोनवरून बोलावं तर तू लगेच स्पीकर लावतेस आणि तुझी अख्खी अंगणवाडी माझी तब्येत विचारते. म्हणून पोस्टाने. मराठीतल्या चुका काढू नकोस, इंग्लिश मीडियमचं कौतुक तूच करायचीस.

विषय जेईईचा. इंजिनिअरिंगची ही परीक्षा वर्षात दोनदा होते, जानेवारीत आणि एप्रिलमध्ये. दोन्हीतला चांगला स्कोअर धरतात. आई म्हणते, जानेवारीतच जोर लाव आणि मोकळी हो. बाबांचंही तेच. माझा प्लॅन वेगळा आहे. जानेवारी फक्त अंदाज घ्यायला. एप्रिल खरा. मग आपल्या राज्याची सीईटी, तीसुद्धा यंदा दोनदा आहे म्हणतात, म्हणजे मे उजाडला. तरी मनासारखं झालं नाही तर एक वर्ष ड्रॉप, म्हणजे कॉलेजला न जाता घरी बसून परत तीच परीक्षा. माझ्या क्लासमधली धनश्री घेणारच आहे. तिच्या घरचे इतके तयार आहेत की फक्त पेढे वाटायचे राहिलेत. मी भिंतीवर तीन रंगांत टाइमटेबल लावलंय. बाबा येता-जाता विचारतात, ही गाडी पोचते कधी?

तू बाबांची मोठी बहीण. तुझं ते दोघंही ऐकतात. पुढच्या फोनमध्ये सहज म्हण ना, की पोरीला घाई करू नका, ड्रॉप घेतला तरी चालेल.

बाकी घरी छान. जेवायला तिघं एकत्र बसतो. टीव्ही बंद. आई बाबांना भाकरी वाढते, बाबा ‘थँक्यू, अश्विनी’ म्हणतात. कुणी आवाज चढवत नाही. इतकं शांत घर मला आठवतच नाही.

तुझी भाची,
प्रज्ञा

ता. क. दसऱ्याच्या सुट्टीत तुझ्या घरी बेलापूरला तू स्वयंपाकघरात आई-बाबांशी जे बोललीस, ते मला माहीत नाही. म्हणून त्याबद्दल काही लिहिलेलं नाही.


सावेडी, नगर
२२ फेब्रुवारी २०२६

प्रिय आत्या,
जय भीम.

तुझा फोन येऊन गेल्याचं आईने सांगितलं. माझी बाजू घ्यायची सोडून तू म्हणालीस म्हणे, हे ड्रॉपचं खूळ कुणी घातलं हिच्या डोक्यात. असो.

बोर्डाचे पेपर चालू आहेत, बरे जातायत. जेईईचा जानेवारीचा निकाल लागला. सत्त्याण्णव पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातले सत्त्याण्णव माझ्या मागे. फुशारकी नाही, फक्त माहिती. क्लासचे सर म्हणाले, तुला हवं ते नागपूरचं कॉलेज एवढ्या स्कोअरवर मिळायला हरकत नाही, मग एप्रिल कशाला देतेस? मी म्हटलं, सर, सुधारायला वाव आहे. ते म्हणाले, वाव तर माझ्या टकलावर पण आहे.

तरी मी एप्रिलचा फॉर्म भरणारच होते.

मग मागच्या आठवड्यात एकदा मी बाल्कनीत वाळलेले कपडे काढत होते. खाली पार्किंगमध्ये बाबांची स्कूटर आली. बाबा उतरलेच नाहीत. हेल्मेट घालून तसेच बसून राहिले. वॉचमन काहीतरी बोलला, त्यांनी नुसता हात केला. माझ्या सगळ्या कपड्यांच्या घड्या झाल्या तरी ते तिथेच. नंतर वर आले तर चेहरा एकदम फ्रेश, काय मॅडम, अभ्यास कसा? दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघितलं. तसंच.

आईने नाशिकला बदली मागितली होती आणि ती मिळालीही होती. तिने ती पुढे ढकलून घेतली, कारण घरात बारावी आहे. तिची नाशिकची मैत्रीण तिथल्या भाड्याच्या घराबद्दल विचारायला फोन करते, तेव्हा आई बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बोलते.

आता ते लिहून टाकते. त्या दिवशी बेलापूरला मी वरच्या खोलीत गणितं करत होते. तुझा हळू आवाज पण वरपर्यंत येतो. तू त्यांना म्हणालीस, "पोरीची परीक्षा होऊ द्या. मग तुमाला येगळं व्हायचं तर व्हा, मी आडवी येनार न्हाई." आणि दोघंही हो म्हणाले. भांडले पण नाहीत.

मी साधा हिशोब केला. परीक्षा संपली नाही तर ते वेगळे होणार नाहीत. आणि परीक्षा काय, पाहिजे तितकी लांबवता येते. एप्रिल, मे, पुढचा जानेवारी, पुढचा एप्रिल. मला ही आयडिया जाम भारी वाटली होती.

काल जेवताना बाबांनी आठवण केली, एप्रिलच्या फॉर्मची तारीख जवळ आली. मी म्हटलं, भरणार नाही. सीईटी पण देणार नाही. तर दोघं मिळून माझ्यावर तुटून पडले. बाबा अर्धं वाक्य बोलायचे, उरलेलं आई पूर्ण करायची. किती महिन्यांनी एका गोष्टीवर त्यांचं एकमत झालं होतं. क्षणभर वाटलं, भरून टाकावा फॉर्म. मग म्हटलं,

"मार्चमध्ये बोर्डाचा शेवटचा पेपर आहे. त्याच्यापुढे माझ्यासाठी थांबू नका."

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. आईने विचारलं, "आत्याने सांगितलं तुला?"

"नाही. ती फक्त मोठ्याने बोलते."

बाबा हसले. आई पण हसली, मग रडायला लागली. बाबांनी तिला पाण्याचा ग्लास दिला, पाहुण्यांना देतात तसा, खाली हात धरून. तिने घेतला.

आज सकाळपासून दोघं घरात एकमेकांना वाट देत फिरतायत. तू सांगितल्याशिवाय ते हलायचे नाहीत, कारण शब्द तुला दिलाय. तेव्हा तू फोन कर आणि म्हण की दिलेल्या शब्दातून तुम्ही मोकळे. ओरडू नकोस दोघांवर. आणि आई नाशिकला गेली की तिला फोन करायचं बंद करू नकोस. ती तुझी भावजय राहिली नाही तरी.

मी नागपूरला हॉस्टेलला राहीन. सुट्टीत कुणाकडे येणार हे आत्ताच कुणी विचारू नका, मलाच माहीत नाही. पण पत्राखाली कुणाची म्हणून सही करायची, ते माहीत आहे.

तुझ्या भावाची आणि अश्विनीची,
प्रज्ञा