उघडझापची वर्गणी

लिहून ठेवते की, मी, खाली सही करणारी, वय सदुसष्ट, व्यवसाय संगणकाचे प्रोग्राम लिहिणे, नवरा हयात नाही, मुलगा एक. फुप्फुसांनी साथ सोडत आणली आहे, डोकं मात्र ठिकाणावर आहे. हे मी कुणाच्या धाकाने, भिडेने किंवा गोड बोलण्याने लिहीत नाही. गोड बोलणारे या घरात बरेच येऊन गेले, त्यांचं पुढे येईलच. याआधीचं माझं मृत्युपत्र रद्द समजावं. ते का रद्द केलं तेही सांगणार आहे. मी सांगत गेले आणि मसुदा वकीलबाईंनी लिहून घेतला आहे. "मृत्युपत्रात इतकं पाल्हाळ लावत नाहीत हो," असं त्यांचं म्हणणं पडलं. मेल्यावर मला मध्येच कुणी अडवणार नाही, एवढी एकच सोय आहे. ती घेऊ द्या, असं मी म्हटलं. मग त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं पान घेतलं.

कलम पहिले. उघडझाप हा ब्राउझर आहे, म्हणजे लोक ज्यातून वेबसाइट बघतात तो प्रोग्राम. मी तो याच घरात सुरू केला. नाव आमच्या ह्यांनी ठेवलं, कारण पहिलं वर्षभर तो उघडायचा आणि आपोआप मिटायचा. त्याचा कोड पहिल्यापासून सगळ्यांना खुला आहे. कुणीही वाचावा, बदलावा, वाटावा. तेव्हा तो माझ्या मालकीचा नाही आणि मला तो कुणाच्या नावे करता येत नाही. माझ्या ताब्यात आहे ती एक गुप्त किल्ली. नवी आवृत्ती निघाली की ती आमचीच असल्याचा शिक्का या किल्लीने मारला जातो, आणि लोकांचे संगणक तो शिक्का पाहून तिला आत घेतात. म्हणजे किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती अनोळखी माणसांची दारं.

ती मी किडेमारच्या स्वाधीन करते. प्रोग्राममधल्या चुकांना आम्ही किडे म्हणतो आणि हा ते चिवटपणे मारतो, म्हणून हे नाव. आमच्याकडे पगारावर असलेला तो एकमेव माणूस. त्याने किल्ली विकू नये, गहाण टाकू नये आणि प्रेमात पडून कुणाला दाखवू नये. त्याचा स्वभाव मला ठाऊक आहे म्हणून लिहिलं.

कलम दुसरे. हत्यारं. माझा चांगला लॅपटॉप किडेमारला, आणि डबडंही त्यालाच. डबडं म्हणजे कपाटाशेजारचा जुनाट संगणक, ज्याचा पंखा धाप लागल्यासारखा वाजतो. गेले काही महिने आम्ही दोघं एकाच सुरात धापा टाकतो. नवी आवृत्ती आधी त्याच्यावर चालवायची आणि मगच लोकांकडे पाठवायची, असा इथला रिवाज आहे. उघडझाप वापरणारे बरेच जण असल्याच यंत्रांपुढे बसतात. मी गेल्यावर जागा अडते म्हणून कुणी ते भंगारात घालू नये.

कलम तिसरे. शोधवाले साहेबांनी दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांना परत करावं. ते आल्यापासून पुढे पळतं आहे. हे गृहस्थ इंटरनेटवर शोध घेऊन देणाऱ्या एका कंपनीचे. उघडझाप उघडला की कोरं पान येतं. त्या पानावर आमची शोधाची चौकट बसवा, दर वर्षी पैसे देतो, असं ते म्हणाले. रक्कम अशी होती की किडेमारसारखे चार जण ठेवता आले असते. बहुतेक ब्राउझर असेच जगतात आणि त्यांना मी नावं ठेवत नाही. मी कागद शेवटपर्यंत वाचला. माणूस चौकटीत अर्धा शब्द लिहितो, थांबतो, पुसून टाकतो. ते पुसलेलंही त्यांना हवं होतं.

"अहो, पुसलेल्याचं काय एवढं?" साहेब म्हणाले.

"एवढंसंच आहे, तर तुम्हाला कशाला हवं?" मी म्हटलं.

ह्यांनी त्यांना आणखी एक चहा दिला आणि जिन्यापर्यंत सोडून आले. वर येऊन एवढंच म्हणाले, "आता आपण जेवायचं काय, ते ठरवू या."

कलम चौथे. पैसा. उघडझापपाशी आता जे काही आहे ते ह्यांच्या एका शब्दामुळे आहे. हे पाणीपट्टीच्या कचेरीत नोकरीला होते. प्रोग्राममधलं त्यांना ओ की ठो कळत नसे, पण वापरणाऱ्यांच्या पत्रांना उत्तरं तेच लिहीत. शिवाय इमारतीच्या जिन्यातले दिवे आणि टाकीची सफाई यांचे पैसे दारोदार जाऊन तेच गोळा करायचे. एकदा जेवताना म्हणाले, "तुझ्या बटणावर 'देणगी द्या' लिहिलंय. देणगी देणारा एकदा देतो, आभाराची चिठ्ठी घेतो आणि सुटतो. जिन्यातल्या दिव्याला मी देणगी मागतो का? वर्गणी मागतो. जिना त्यांचाच आहे ना."

आम्ही शब्द बदलला. पैसे हळूहळू वाढले, तक्रारी मात्र लगेच दुप्पट झाल्या. वर्गणी देणारे हक्काने भांडायला येऊ लागले, आणि ती भांडणं वाचून हे खूश व्हायचे. आता त्यांच्याशिवाय ती पत्रं मी वाचते. हसण्यासारखं काही निघालं की अजूनही वळून बघते. हे गेल्यापासूनच्या तीन वर्षांत ही सवय गेलेली नाही आणि मला ती घालवायचीही नाही.

पुढे चालवणाऱ्यांनी हे पाळावं. वर्गणी कुणाला जड जाऊ नये इतकीच असावी, आणि न देणाऱ्यालाही उघडझाप तोच आणि तसाच मिळावा. वाचनालयं आणि तिकिटांची यंत्रं बनवणारे कारखाने आमचा ब्राउझर आपापल्या यंत्रांत बसवतात, त्यांच्याकडून देखभालीचा करार करून रीतसर मोबदला घ्यावा. तिथे लाजू नये, मी उगाच लाजले. एखाद्या संस्थेचं अनुदान मिळालं तर ते ठरलेल्या कामापुरतं घ्यावं, त्यावर पगार बांधू नये. जमाखर्च सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. कुणा एकाच्या पैशावर इतकं विसंबू नये की तो रुसला तर चूल विझेल.

एवढं करूनही पुरत नाही, हे खरं आहे. वर्गणीत किडेमारचा पगार निघतो. माझा कधी निघाला नाही आणि मी तो कधी मांडलाही नाही. उघडझाप फुकट मिळतो असं लोक म्हणतात, पण तो ह्यांच्या पगारावर आणि माझ्या वयावर चालला. आता दोन्ही संपलं. माझ्या जागी माणूस ठेवायचा तर त्याला पगार द्यावा लागेल. माझी शिल्लक दवाखान्याचं देणं भागवून उरेल ती त्या माणसासाठी द्यावी. ती वर्षभरही पुरणार नाही. पैसे संपलेच तर लोकांना आधी सांगून, त्यांनी जपून ठेवलेली पानं दुसऱ्या ब्राउझरमध्ये हलवायला मदत करून, उघडझाप नीट बंद करावा आणि किल्ली नष्ट करावी. हे वाक्य सांगताना मला रडू आलं. वकीलबाईंनी पाणी दिलं. वाक्य ठेवलं आहे.

कलम पाचवे. घर. आधीच्या मृत्युपत्रात मी हे घर विकून पैसे उघडझापला द्यायला लिहिलं होतं. मुलगा दूर असतो, जाहिरातींच्या कंपनीत नोकरी करतो. गेल्या महिन्यात तो मला बघायला आला, तेव्हा त्याला ते वाचायला दिलं. त्याने ते माझ्या पायाशी बसून वाचलं.

"घरसुद्धा त्यालाच?" तो म्हणाला.

"तुला नोकरी आहे. त्याला कोण आहे?"

"हे मी आठवीत असल्यापासून ऐकतोय, आई. मला भावंड नव्हतं, उघडझाप होता. आणि तो धाकटा, म्हणून लाड त्याचेच."

मला हसू आलं, पण तो हसला नाही.

"मला घराचं काही नाही गं. तू सगळ्या जगाकडे वर्गणी मागितलीस. कुठल्या कुठल्या परक्या माणसांना पत्रं लिहिलीस. माझ्याकडे कधी मागितली नाहीस."

"आपल्या लेकराकडे कसली वर्गणी मागायची?"

"बाबा वर्गणी कुणाकडे मागायचे? जे त्या इमारतीत राहतात, त्यांच्याकडेच ना?"

मी ते कागद त्याच्या हातून परत घेतले आणि खोकत राहिले. त्याने माझी पाठ चोळली आणि संध्याकाळच्या गाडीने तो गेला.

म्हणून आता असं लिहिते. राहतं घर, आतल्या सामानासह, माझ्या मुलाला, कोणत्याही अटीशिवाय. त्याने राहावं, विकावं, भाड्याने द्यावं, त्यावर उघडझापचा किंवा किडेमारचा काडीचा हक्क नाही.

आणि उघडझापसाठी मी त्याच्याकडे वर्गणी मागते. किती, ते त्याने ठरवावं. अशा मागण्याला कायद्यात किंमत नाही, ते काढा, असं वकीलबाई म्हणाल्या. मी काढू दिलं नाही. तो नाही म्हणाला तरी चालेल. त्याच्याकडे मागितली होती, एवढं लेखी असू दे.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो माझाच आहे.

सही: (उघडझापवाली)

आमच्यादेखत सही झाली, आणि आम्हाला यातून काही मिळायचं नाही:
साक्षीदार एक: वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर (सही)
साक्षीदार दोन: कोपऱ्यावरची शिंपीणबाई (सही)

ठिकाण: राहतं घर, खिडकीजवळची खाट
तारीख: वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे तीच