क्लचचा काही संबंध नव्हता

रत्नागिरी, बुधवार

ती. श्यामदादास,

विमलाचा साष्टांग नमस्कार. तू, वहिनी आणि वहिनीचा गुडघा, तिघंही बरे असाल अशी आशा करते. आम्ही इकडे मजेत आहोत असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. फोन सोडून पत्र का, तर मी फोनवर बोलायला लागले की हे शेजारी खुर्ची ओढून बसतात आणि माझ्या वाक्यांत दुरुस्त्या सुचवतात. पत्रात तेवढी तरी मोकळीक.

तर दादा, तू आम्हाला जी 'डॉक्टरची गाडी' मिळवून दिलीस ('विमे, डोळे मिटून घे, घर ते दवाखाना एवढीच फिरलीय'), ती आम्ही खरंच डोळे मिटून घेतली. तुझे ते डॉक्टर माणसांचं जे करत असतील ते करोत, गाडीचं ऑइल त्यांनी जन्मात बदललं नव्हतं. पण ते पुढे. आधी हे सांगते, की मी गाडी शिकले. या वयात शिकले आणि पहिल्याच परीक्षेत पास झाले. ह्यांचं लायसन्स कॉलेजपासूनचं, पण हे गाडी चालवतात म्हणजे दुसऱ्या गियरमध्ये वरात काढतात. सायकलवाले पुढे जातात आणि वर वळून बघतात. त्यामुळे बाजार, बँक, पावसच्या मठातलं दर्शन, सगळं मीच करायला लागले. खोटं कशाला सांगू, इतकं छान वाटायचं, की कोथिंबीर राहिली म्हणून पुन्हा एक फेरी मारायची. (घरात कोथिंबिरीच्या जुड्या पिवळ्या पडत होत्या.)

मग एक दिवस सकाळी गाडी सुरू करताना खडखडली. पत्र्याच्या डब्यात सुपाऱ्या घालून हलवाव्यात तसा आवाज, आणि थोड्या वेळाने आपोआप गप्प. रोजच असं व्हायला लागलं तेव्हा मिरजोळ्याचा दीपक मेकॅनिक घरी आला. (हा मनुष्य बोलतो फार. इंजिनाच्या आधी तोंड उघडतो.) त्याने लांब स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून, मान डोलवत उभा राहिला. नेमक्या तेव्हा आमच्या सासूबाई ओटीवर आल्या. त्यांना वाटलं, ह्याच्या अंगात आलं. त्यांनी लांबूनच हात जोडले. तेवढ्यात दीपकने डोळे उघडून जाहीर केलं, "वैनी, आतलं काय नाय. ह्ये बाहेरचं हाय."

त्याला म्हणायचं होतं, इंजिनाच्या बाहेरचा पट्टा वाजतोय. (तेही साफ चूक होतं.) सासूबाईंनी मात्र 'बाहेरचं' म्हणजे जे समजायचं तेच समजून घेतलं. आधीचा मालक कोण, तर डॉक्टर. म्हणजे त्याच्या हातून किती जण गेले असतील, आणि ते सगळे गाडीत बसायला मोकळे! मागच्या सीटवर दाटीवाटीने किती मावत असतील, ह्यावर त्यांची आणि शेजारच्या हौसाकाकूंची दुपारभर चर्चा झाली. दुसऱ्या दिवशी गुरवाला बोलावून गाडीपुढे रीतसर गाऱ्हाणं. 'ह्या गाडीत जो कोण फुकटचा बसला असेल, त्याला खाली उतरव रे म्हाराजा,' आणि आम्ही सगळे हात जोडून 'व्हय म्हाराजा!' ह्यांचा आवाज सगळ्यांत मोठा. नारळ फुटला, दीपकने पट्टा बदलला, मी मोठ्या दिमाखात गाडी काढली, आणि भाट्याच्या पुलावर, बरोबर मध्यावर, इंजिनाने 'टक्' केलं आणि मान टाकली.

मागे एस.टी., तिच्यामागे मासळीचा टेम्पो, त्यामागे अख्खं पावस. भोंगे काय, विचारू नकोस. जमलेल्या यच्चयावत पुरुषांनी एकमुखाने निदान केलं, क्लच! बाई चालवत होती ना, मग बसली असणार क्लचवर पाय ठेवून. स्टार्टर मारला की इंजिन नेहमीपेक्षा भराभर आणि हलकं फिरतंय, पण पेट घेत नाही, हे मी घसा फोडून सांगत होते. ऐकतंय कोण? हे माझ्या शेजारी बसले होते, तेही दार उघडून उतरले, त्या घोळक्यात जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, 'मी किती वेळा सांगितलं हिला.' दादा, गाडीचं मला काही वाटलं नाही, पण त्या वाक्याचं फार लागलं. असा संताप आला, की खाडी पोहून घरी जावं.

त्या रात्री ह्यांनी निकाल दिला, की गाडी दुरुस्त होवो न होवो, तुझं चालवणं बंद. आणि किल्ली जानव्याला बांधली! आता मी काय जानव्याला हात घालणार? पण गाडी पडली दीपककडे आणि किल्ली एकच, त्यामुळे रोज ह्यांना मिरजोळ्याला जावं लागे. दीपक म्हणाला 'साहेब, मारा', की हे शर्ट वर करून, निम्मे गाडीत वाकून, जानव्यासकट किल्ली फिरवायचे. दीपकने आधी बॅटरीला दोष दिला, मग प्लगला, मग पेट्रोलला. शेवटी मीच त्याच्या डोक्याशी बसून ते 'हलकं फिरतंय' परत सांगितलं, तेव्हा तो पहिल्यांदा गप्प झाला. त्याने ऑइलचं झाकण काढलं, आत टॉर्च मारला आणि ह्यांना वाकून किल्ली फिरवायला सांगितलं. इंजिन खाली फिरत होतं, पण भोकातून दिसणारा वरचा दांडा ढिम्म. खालचं आणि वरचं एका तालात फिरवणारी साखळी असते, टायमिंग चेन, ती तुटली होती. ताल गेल्यावर पिस्टनने वरच्या झडपांना ठोसे मारून त्या वाकवल्या त्या वेगळ्याच. (ह्यांनी सुचवलं, की सायकलची चेन आम्ही काडीने चढवायचो. दीपक उठून चहा प्यायला गेला.)

चेन का तुटली, तर ऑइलची काकवी झाली होती. हे दर रविवारी पट्टी बुडवून 'भरलेलं आहे' म्हणायचे. भरलेलं होतंच, पण कशाने? मग मी सगळ्यांदेखत विचारलं, दीपक, क्लच? "क्लच एकदम टकाटक. वैनींचा पाय हलका हाय." मला नीट ऐकू आलं नाही असं सांगून मी त्याला ते पुन्हा, मोठ्याने म्हणायला लावलं. ह्यांनी शर्ट खाली केला आणि म्हणाले, 'तरीपण.'

सासूबाईंना 'बिघाड आतला निघाला' एवढंच कळवलं. त्या म्हणाल्या, बघा, नारळ दिल्यावर बाहेरचं घाबरून आत शिरलं. दीपकने 'नवी चेन बसवताना टायमिंग जुळलं पायजे, एक दात इकडचा तिकडं झाला तर संपलं' असं सांगितलं, तेव्हा तर त्या त्याच्यावर बेहद्द खूश झाल्या. मुहूर्त मानणारा मेकॅनिक! त्यांनी पंचांग बघून निरोप धाडला, की अमावास्या गेल्याशिवाय चेनला हात लावू नये. त्याने लावलाही नाही. (कोल्हापूरहून माल आला नव्हता.) आता गाडी अशी चालते, की सुरू आहे का हे बोनेटला हात लावून बघावं लागतं. चालवणार कोण, तर हे. मी मागे बसते, पिशव्या धरून.

असो. माझी काही तक्रार नाही. वहिनीला नमस्कार.

तुझी,
विमला

ता. क. : तक्रार आहे. त्या डॉक्टरांकडे दुसरी किल्ली नक्की असेल. ती मागून घे आणि कुरिअरने हौसाकाकूंच्या पत्त्यावर पाठव. पाकिटावर 'मसाला' लिही.

ता. क. दुसरा : किल्ली राहू दे. काल हे सासूबाईंना मारुती मंदिरापर्यंत फिरवायला घेऊन गेले. परतताना त्या वाटेत उतरल्या, चालत निघाल्या आणि आधी घरी पोचल्या. आल्या आल्या हुकूम सोडला, की सोमवारी वेळणेश्वरला अभिषेक करायचाय आणि गाडी विमलाच चालवील. किल्लीची गाठ सुटेना, तेव्हा ह्यांना जानवंच बदलायला लावलं. किल्ली आता माझ्या कमरेला आहे. दादा, मी स्वयंपाकघरात जाऊन रडले.

ता. क. तिसरा : हे वाचून लगेच डिलीट कर. पोस्टाने वेळेत पोचणार नाही, म्हणून पत्राचा फोटोच पाठवतेय. तुझा तो गुहागरचा मित्र रामा गाडी चालवतो ना? त्याला सोमवारी सकाळपासून वेळणेश्वरच्या देवळापाशी उभं राहायला सांग, आणि मला ओळख दाखवू नकोस म्हणावं. मला रिव्हर्स येत नाही. परीक्षेच्या दिवशी धो धो पाऊस होता, त्यात ते राहून गेलं. इथे मारुती मंदिराच्या सर्कलला वळसा घालून मी आजवर पुढे पुढेच घरी आले. पण वेळणेश्वरला सर्कल नाही रे, समुद्र आहे.