लामच्या आईंचं भरभर बोलणं

६ जानेवारी १९५७
दाढ काढून महिने झाले, तरी डॉ. लामच्या दवाखान्यात माझ्या फेऱ्या चालूच. आज त्याने माडीवर नेऊन आईंची भेट घालून दिली. मूळच्या चीनमधल्या कँटनच्या. माझ्याशी कँटनीतच बोलल्या, एकेक अक्षर सुटं करून. लाम म्हणतो, "बघ, किती मान दिला तुला." मान कसला, पाहुणी ठरले. मुलाशी मात्र दहा अक्षरं एका घासात. याच्याशी लग्न करायचं तर त्या बोलण्यात शिरायला हवं.

१३ जाने.
लामची शिकवणी. 'काय' म्हणजे 'मात् ये', घाईत दोन्ही मिळून नुसतं 'मे'. 'नको' म्हणजे 'म् होउ', घाईत 'मोउ'. आपलं 'येतो आहेस'चं 'येतोयस' होतं तसंच की. पण तेही घरच्याच माणसाशी. आरशासमोर मे, मोउ, मे... आमची आई : "अंगात बकरी शिरली का गं?"

२ फेब्रु.
गल्लीतून संयुक्त महाराष्ट्राचा मोर्चा. बाबा सर्वांत पुढे, घसा बसलेला. लाम-आई खिडकीत. 'झालाच पाहिजे' लोक इतक्या घाईने म्हणतात की 'झालाच्पायजे' असा एकच शब्द होतो. त्यांनी तो तसाच उचलला. त्यांचं पहिलं मराठी. दुपारभर भाजी चिरताना तेच.

१७ फेब्रु.
फत्ते! लामकडे मासा वाफेवर होता. आमच्या घरच्या सवयीने मी मधेच झाकण उचललं. लाम-आई कडाडल्या, "मोउ, मोउ," आणि पुढे लांबलचक काहीतरी, एकही अक्षर सुटं नाही. मला ओ की ठो कळलं नाही. इतका आनंद झाला की डोळे भरून आले. त्यांना वाटलं हात भाजला.

१० मार्च
लाम आणि त्याच्या आई आमच्याकडे. बाबा अगदी छापील : "आपले मूळ गाव कोणते?"
लाम म्हणाला, "हीच गल्ली, काका."
मग मीच लग्नाचं काढलं. "अवघड आहे," बाबा म्हणाले. काय चाललंय ते लामने आईंना भरभर सांगितलं. त्या ताठ बसल्या, आमच्या दोघांकडे बोट दाखवलं, आणि बाबांना म्हणाल्या, "झालाच्पायजे."
बाबांना हसू आवरेना. आईने तर तोंडात पदर कोंबला. 'हो' काही म्हणाले नाहीत. विचार करतो, एवढंच.
पण जिन्यापर्यंत सोडायला गेले. आणि वरून लामला, "परत कधी येतोयस रे?"
लाम इतका गांगरला, दोन-दोन पायऱ्या गाळत खाली...