सतरावं नाव

प्रिय निनियन,

तुझं चीज आणि चिठ्ठी दोन्ही पोचली. चीज अजून फडक्यातच आहे. तुझ्या कुरणापासून चार मैलांवर या खानावळीच्या माडीवर बसलोय, तरी भेटायला येत नाही. आज तुताऱ्या वाजवत मला गावात आणलं. नऊ वर्षांपूर्वी न्यायाधीश होऊन पहिल्यांदा असा आलो, तेव्हा गर्दीतून तू ओरडला होतास, "गिब, डोक्यावर कुणाची मेंढी बसवलीस रे?" आता न्यायाधीशाच्या त्या केसांच्या टोपाला कुणी हसत नाही.

लोक म्हणतात, मी नाव काढलं. लायडनला कायदा शिकलो, एडिंबराच्या कोर्टात अकरा वर्षं वकिलाचा झगा घालून येरझाऱ्या घातल्या, आणि एकदाचा न्यायाधीश, म्हणजे लॉर्ड किलमॉरो झालो. ही पदवी बायकोला लागत नाही. माझी जेनेट म्हणायची, "तुम्ही झालात लॉर्ड, मी मेली मिसेस रॅनीच." गेलीही तशीच. तिच्यामागे घरात मला गिब म्हणणारं कुणी उरलं नाही.

न्यायाधीश म्हणून गावोगावी खटले चालवत आलो त्या पहिल्या फेरीतली मॅरियन हिस्लॉप तुला आठवत असेल. एकोणीस वर्षांची मोलकरीण, गवताच्या गंजीत तिचं मेलेलं मूल सापडलं. मूल मेलेलंच जन्मलं, असं ती म्हणत होती. पण आपला कायदा आंधळा आहे: पोट लपवलं, बाळंतपणात कुणाला हाक मारली नाही, तर खून. मी विचारलं, कुणालाच का नाही सांगितलंस? ती म्हणाली, "सांगायला होतं कोण, महाराज?" मी ते टिपून घेतलं आणि पुढे गेलो. पंधरा पंचांतले आठ फाशीच्या बाजूने, सात विरुद्ध. एका मताने ती पोर गेली.

खटल्याच्या त्याच दिवशी तुझी मुलगी युफेमिया जन्मली. बायको अडली होती, तू घरी होतास म्हणून सुईण वेळेवर आली. तेव्हापासून दर वसंतात चीज आणि तेच वाक्य, "त्या दिवशी तू मला घरी ठेवलंस." निनियन, तुझी बायको अडलीय हे मला ठाऊकच नव्हतं.

पंचांच्या यादीतली पंचेचाळीस नावं समोर आणि त्यातले पंधरा मी निवडायचे, ही आपली रीत. तुझं नाव सतरावं होतं. त्यावर माझं बोट थांबलं. शाळेत सगळा वर्ग लंगड्या आर्चीला चोर म्हणत असताना तू एकटा उठून "नाही" म्हणाला होतास, ते मला आठवलं. तू या मुलीला मारणार नाहीस, हे मला पक्कं ठाऊक होतं. आणि मी खुर्चीवर नवा. एडिंबरात कुजबुज होती की रॅनी मऊ आहे. मी घाबरलो. बोट खाली सरकवलं आणि अठरावं नाव घेतलं, अ‍ॅडम पर्डी, चाबूक हातात घेऊन प्रार्थनेला बसणारा माणूस. बाहेर आल्यावर तो स्वतःच मला अभिमानाने सांगत होता, आठवं मत त्याचं.

हे सगळं आज लिहायचं कारण तुझी चिठ्ठी. "यंदाही यादीत नाव आलंय, मेंढ्या व्यायला लागल्यात, तेव्हासारखंच सांभाळून घे," असं तू लिहिलंस. नाही, निनियन. उद्याच्या पिंजऱ्यात पुन्हा एक मोलकरीण आहे, पुन्हा तोच कायदा, आणि तिनेही कुणाला सांगितलेलं नाही. पहिलं नाव मी तुझं घेणार आहे. निकाल काय द्यायचा ते तुझं तू ठरव. न्यायाधीशाने असं आधी कळवणं हाच गुन्हा आहे. हे पत्र जाळ, नाहीतर सगळ्यांसमोर वाच; वाचलंस तर मी न्यायाधीशाचा झगा उतरवीन. मेंढ्यांजवळ बायकोला बसव आणि सकाळी ये. आणि चीज परत पाठवतोय, ते माझं नव्हतंच.

तुझाच,
गिब