तुझं अडीच तासांचं पॅरिस

प्रिय वसू,

'प्रिय' सवयीने लिहिलं गेलं. आता राहू दे.

काल आम्ही पॅरिसहून परत आलो. आम्ही म्हणजे मी, माझा नवरा अरुण आणि तुझे माधवराव. हो, तुझा नवरा! तू जाऊन दीड वर्ष झालं आणि त्यांनी एकच हट्ट धरला होता. "नलूताई, वसू जिथे जिथे गेली ते सगळं मला दाखवा. ती जिथे उभी राहिली तिथे मला एकदा उभं राहायचंय." मांडीवर तुझ्या फोटोंचा अल्बम होता. काय सांगून नाही म्हणणार होते मी?

म्हणून तुला लिहितेय. दुसऱ्या कुणाला हे सांगायची सोय तू ठेवलेलीच नाहीस.

काय ठरलं होतं गं आपलं? वीस वर्षांपूर्वी एकाच हिवाळ्यात आपण नवऱ्यांच्या मागून इंग्लंडात, लेस्टरला आलो, तू पुण्याहून, मी सांगलीहून. मग मुलं, त्यांच्या शाळा, सासू-सासऱ्यांचे सहा-सहा महिन्यांचे मुक्काम. "एकदा आपण दोघीच कुठेतरी जाऊ, नलू," हे तूच म्हणायचीस, मी नाही! शेवटी एकदा माझ्या शाळेची हाफ टर्मची सुट्टी आणि तुझी कौन्सिलच्या ऑफिसातली रजा जुळली. मी लायब्ररीतून पॅरिसचं पुस्तक आणलं, दोनदा रिन्यू केलं. पहिल्या दिवशी आयफेल टॉवर, दुसऱ्या दिवशी लूव्र म्युझियम, तिसऱ्या दिवशी नोत्र दामचं चर्च, असं सगळं कागदावर उतरवून काढलं. तू तो कागद बघून हसलीस. "अगं, तू शाळेची ट्रिप नेतेयस का?"

तेव्हाच सांगायचं होतंस.

सांगितलंस कुठे? पॅरिसच्या स्टेशनवर, बॅगा हातात घेऊन उतरल्यावर. समोर एक गृहस्थ उभे, राखाडी मफलर, हसू की नको अशा चेहऱ्याने.

"नलू, रागावू नकोस. हा विवेक. कॉलेजातला. इथेच असतो."

मी बॅग खाली ठेवली.

"तीनच दिवस गं. माझा मोबाइल बंद आहे, माधव हॉटेलवरच फोन करेल. आला तर मी अंघोळीला गेलेय म्हण. प्लीज."

आणि गेलीस! त्या तीन दिवसांत तू किती वेळा अंघोळ केलीस, माहितेय तुला? चार वेळा. चौथ्यांदा माधवराव हसून म्हणाले, "पॅरिसमध्ये जाऊन ही बाई धुवून निघतेय वाटतं!" मीही हसले.

माझं काय झालं ते तू विचारलं नाहीस. आता ऐक. पहिल्या दिवशी मी दुपारपर्यंत खोलीतच बसले. मग भूक लागली. एकटीने रेस्टॉरंटमध्ये शिरायची हिंमत होईना, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दोन केळी घेतली आणि फुटपाथवर उभ्याने खाल्ली. पन्नाशीला आलेली बाई मी! टॉवरच्या रांगेत दीड तास उभी होते. पुढच्या जोडप्याने कॅमेरा माझ्याच हातात दिला, मी त्यांचे चार फोटो काढले. माझा कुणी काढला नाही. वर पोचल्यावर ते एवढं मोठं शहर खाली पसरलेलं दिसलं आणि मी वळून म्हणाले, "वसू, बघ गं!" शेजारचा माणूस दचकून बाजूला झाला.

लूव्रमध्ये त्या जगप्रसिद्ध मोनालिसासमोर मी मोठ्याने म्हणाले, "एवढीशीच?" तू असतीस तर आपण पोट धरून हसलो असतो. नोत्र दाममध्ये सगळे मेणबत्त्या लावत होते, मीही लावली. कुणासाठी लावायची सुचेना, शेवटी सांगलीच्या आईच्या गुडघ्यांसाठी लावली.

आणि मग तिसऱ्या दिवशी दुपारी तू उगवलीस. हातातल्या पिशवीत तीन जाकिटं, तीन स्कार्फ. टॅक्सीने टॉवर, टॅक्सीने लूव्रचं अंगण, टॅक्सीने नोत्र दाम. प्रत्येक ठिकाणी जाकीट बदलायचं, हसायचं, फोटो. "आणखी एक काढ नलू, इथे माझे डोळे मिटले." अडीच तासांत तुझे तीन दिवस झाले. आत कुठेही पाऊल टाकलं नाहीस.

परतीच्या गाडीत तू म्हणालीस, "बोल ना काहीतरी." मी बोलले नाही. तुला वाटलं असेल, हिला माझं वागणं पाप वाटतंय. तसं नव्हतं गं! तुझ्या विवेकशी मला काय घेणं? तुझं तू बघितलं असतंस. पण मला सोबत नेताना तुला मी नको होते, हे मला गिळता आलं नाही. आजही येत नाही.

त्यानंतर पाच महिने मी तुझा फोन उचलला नाही. तू आन्सरिंग मशीनवर बोलायचीस, मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकायची. शेवटचा निरोप होता, "नलू, एकदा ये ना घरी. बोलायचंय." पोळ्या लाटता लाटता मनात म्हटलं, बस अशीच वाट बघत. आणि त्याच आठवड्यात माधवरावांचा फोन. ऑफिसात डोकं दुखतंय म्हणालीस आणि खुर्चीवरून कोसळलीस. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात भूल देण्यात जन्म गेलेला तुझा नवरा तुझ्या कॉटशेजारी नुसता बसून राहिला.

काय बोलायचं होतं तुला, वसू? सॉरी म्हणणार होतीस, की पुन्हा पॅरिसला जायचं होतं?

अंत्यविधीला विवेक आला नाही. मी दाराकडेच बघत होते. माधवराव मात्र सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "वसूच्या आयुष्यातले सगळ्यात आनंदाचे तीन दिवस पॅरिसमधले. नलूताई होत्या बरोबर." हॉलमधली सगळी माणसं माझ्याकडे वळली. मी मान हलवली. तू लाकडाच्या पेटीत, आणि तुझ्यासाठी खोटं बोलायचं काम अजून माझ्याकडेच!

आता या खेपेचं सांगते. हल्ली पॅरिसची गाडी लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनवरूनच सुटते, लेस्टरच्या गाडीतून उतरलं की तिथल्या तिथे. तुला किती सोयीचं झालं असतं!

टॉवरखाली माधवरावांनी अल्बम उघडला, फोटो बघून दोन पावलं डावीकडे सरकले आणि तुझ्या जागेवर उभे राहिले. "वर गेल्यावर काय म्हणाली वसू?"

अरुण नकाशा हातात धरून माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, "म्हणाली, माधव असता तर उंचीच्या भीतीने डोळे मिटूनच बसला असता. पण त्याला हे दाखवायला हवं होतं."

ते हसले. मग चष्मा काढून पुसत बसले.

एकदा सुरू झालं, ते थांबेना. मोनालिसासमोर "एवढीशीच?" तू म्हणालीस. केळी आपण दोघींनी खाल्ली, हसत हसत. नोत्र दाममध्ये मेणबत्ती तू लावलीस, माधवरावांसाठी. त्यांनीही मग तुझ्यासाठी एक लावली, काडी मी धरली. अरुण म्हणाला, "नलू, तुला तर इथला रस्ता न् रस्ता पाठ आहे!" असणारच! एकटी फिरलेय मी ते सगळे.

एकदाच वाटलं, आता सगळं उघडं पडतंय. अल्बम बघता बघता माधवराव म्हणाले, "गंमत बघा, तिन्ही दिवस एकच कानातलं. कपड्यांवर कानातलं जुळल्याशिवाय ही घराबाहेर पडायची नाही." त्यांनी अल्बम मिटला. "घाईत निघाली असणार."

शेवटच्या दुपारी नदीकाठी बाकावर बसलो होतो. अरुण कॉफी आणायला गेला होता. माधवराव पाण्याकडे बघत म्हणाले, "मला नेहमी वाटायचं, वसू माझ्याबरोबर सुखी नाही. कधी बोलली नाही, पण वाटायचं. तुम्ही हे सगळं सांगितलंत, बरं केलंत, नलूताई."

त्यांना काही कळलंय की नाही, मला माहीत नाही. विचारायची माझी छाती नाही. पण मला राग कसला आला सांगू? आयुष्यात तीन दिवस मी एकटीने काढले, भीत भीत, केळी खाऊन. ते माझे होते. ते सगळे मी तुझ्या नावावर करून आले. तू जी बायको कधी नव्हतीस, ती मी त्यांना माझ्या पदरचं घालून उभी करून दिली!

मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या दिवशी लूव्रनंतर कुठे गेला होतात?"

लूव्रनंतर, वसू, मी चालत चालत एका मोठ्या बागेत गेले होते. तिथे हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, हव्या तिथे ओढून बसायच्या. मी एक उन्हात ओढली, दुसरीवर पाय ठेवले आणि तास-दीड तास बसले. पानं गळत होती. कुणी मला हाक मारणारं नव्हतं. तुझीही आठवण आली नाही. इतकं बरं वाटलं मला!

मी माधवरावांना म्हटलं, "नंतर काही नाही. दमलो होतो, हॉटेलवर गेलो."

वचन देते. तुझं गुपित माझ्या तोंडून कधी बाहेर पडणार नाही, पण ते तुझ्यासाठी नव्हे, त्या माणसासाठी. मात्र इथून पुढे तुझ्या वतीने एक शब्दही बोलणार नाही. आणि पुढच्या हाफ टर्मला मी पॅरिसला जाणार आहे, एकटी. आज सकाळी अरुणला सांगून टाकलंय. तो म्हणाला, "आता आणखी काय बघायचं राहिलंय तिथे?"

रागावलेली, आणि तरीही तुझीच,
नलू