ब्रेककडे जाणारी नळी

सूनबाई,

गाडीची किल्ली शोधू नकोस, ती माझ्या खिशात आहे. इंजिनात फटाके वाजतात म्हणून तू प्लग बदललेस, पण मला वाटतं दोष इंजिनाकडे हवा ओढणाऱ्या व्हॅक्यूमच्या नळीत आहे. आज चालू इंजिनावर नळीला साबणाचं पाणी लावलं. ते चिरेत ओढलं गेलं आणि क्षणभर फटफट थांबली. तीच नळी ब्रेकला जाते. उतारावर ती फाटली तर ब्रेकचं पेडल दगडासारखं घट्ट होईल, दाबलं तरी गाडी थांबायची नाही.

"बाबा, पुस्तकं वाचून गाड्या दुरुस्त होत नाहीत," म्हणालीस. खरंही असेल. चुकलो तर पोटभर हस. पण मागच्या सीटवर नात बसणार आहे.

माहेरी उशिरा पोचशील, माफ कर. नवी नळी आणायला चाललोय. तोवर फोन मात्र करू नकोस. तू रागावलीस, की मी किल्ली देऊन टाकेन.

बाबा